दूरचा आवाज आणि घरातला शोक

मानसशास्त्राच्या तासाला शोक हा विषय निघाला की, गेली काही वर्षे एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारे कधी विद्यार्थी असतात, तर कधी स्टाफरूममधील सहकारी. प्रश्न असा : घरातला कर्ता माणूस गेला तेव्हा ज्या मुलाच्या डोळ्यांत टिपूस आले नाही, तेच मूल मोबाइलमधल्या कुणा अनोळखी माणसासाठी एवढे कासावीस का होते? या प्रश्नामागे थोडा राग असतो आणि बरीचशी भीती असते. ‘आजकालच्या पोरांना माया उरली नाही’ असा निष्कर्षही त्यात दडलेला असतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, येथे दोन भावना नाहीत, दुःख एकच आहे. त्याला घरात बसावयास जागा मिळाली नाही, म्हणून ते दूरच्या एका आवाजाजवळ जाऊन बसले आहे.

१. नाते नवे नाही

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्याची आपली कधी भेट झाली नाही आणि ज्याला आपले नावही ठाऊक नाही, अशा माणसावर जीव लावण्याची रीत मोबाइलने आणलेली नाही. बालगंधर्व रंगभूमीवर जसे लुगडे नेसत, केसांत जशी फुले माळीत, तसे करण्याची हौस त्या काळच्या घरंदाज स्त्रियांनाही होती. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि १९३५मध्ये ती पुस्तकरूपाने वाचकांसमोर आली. आई गमावलेल्या किती मुलांनी त्या श्यामला मनोमन भाऊ मानले असेल, याची गणती कोण करणार? श्याम त्यांच्या घरी कधी आला नव्हता. परंतु आपल्यासारखीच आई गेलेला कोणीतरी आहे आणि तो रात्री बसून तिच्याविषयी बोलतो आहे, एवढा आधार त्या मुलांना पुरत असे. पुढे १९५२मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानींचा आवाज आला की घरोघरी प्रत्येकाला वाटे, हा माणूस आपल्याशीच बोलतो आहे.

या अनुभवाला शास्त्रात पहिल्यांदा नाव मिळाले ते १९५६ साली. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरील निवेदकांविषयी एक निबंध लिहिला. निवेदक कॅमेऱ्याकडे अशा रीतीने पाहतो की पाहणाऱ्याला नजरानजर झाल्यासारखे वाटते. तो ठरलेल्या वेळी येतो, घरगुती भाषेत बोलतो, मध्येच थांबून जणू आपल्या उत्तराची वाट पाहतो. अशाने पाहणाऱ्याच्या मनात हळूहळू एक नाते तयार होते. या नात्याला त्यांनी ‘पॅरासोशल’ असे विशेषण लावले. आपण त्यास ‘एकतर्फी आपुलकी’ म्हणू. त्यांच्या निबंधात एका रेडिओ कार्यक्रमाचे उदाहरण आहे. त्यात एक स्त्री एकाकी श्रोत्यांशी प्रेयसीसारखी बोलत असे. तेव्हा ही गोष्ट निदान सत्तर वर्षांपूर्वी अभ्यासकांच्या ध्यानात आली होती, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

मग इंटरनेटने नवे काय केले? एक तर, नट भूमिका करतो आणि पडदा पडला की दिसेनासा होतो. इंटरनेटवरचा प्रसिद्ध माणूस मात्र आपले स्वयंपाकघर, आपली गाडी, आपला ताप-पडसे सारे दाखवतो. दुसरे, त्याला निरोप लिहिता येतो. क्वचित त्याचे उत्तरही येते, आणि या ‘क्वचित’मुळेच आशा टिकून राहते. तिसरे, एक चित्रफीत संपली की यंत्र आपण होऊन दुसरी पुढे करते. संबोधनाची कला तर जुनीच आहे. ‘डॉक्टर ब्रो’ या नावाने ओळखला जाणारा कन्नड तरुण गगन श्रीनिवास जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून ‘नमस्कार देव्रु’ म्हणून बोलावयास लागतो. आपल्या भागातील पुष्कळ विद्यार्थ्यांना हे दोन शब्द नुसते वाचूनही तो आवाज ऐकू येईल. लाखो लोकांना उद्देशून म्हटलेला तो ‘देव्रु’ प्रत्येकाला आपल्यापुरता वाटतो, यातच सारे मर्म आहे.

२. शोकाविषयी शास्त्र काय सांगते?

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली शोक आणि खिन्नता यांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. गेलेल्या माणसावर जडलेले मन थोडेथोडे करून सोडवून घ्यावयाचे, हे शोकाचे काम होय, असे त्यांनी मांडले. पुढे कित्येक वर्षे या विचाराचा पगडा राहिला. ‘विसर आता’, ‘मन दुसरीकडे गुंतव’ हा आपल्याकडील उपदेशही थोडाफार याच वळणाचा आहे.

१९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने या समजुतीला मोठा धक्का दिला. गेलेल्या माणसाशी असलेला संबंध तुटावाच लागतो असे नाही. तो रूप बदलून टिकतो आणि टिकला तरी माणूस नीट जगू शकतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच सुमारास विल्यम वर्डेन आणि सिल्व्हरमन यांनी बोस्टन परिसरातील ७० कुटुंबांतील १२५ मुलांचा अभ्यास केला. या मुलांनी आई किंवा वडील गमावले होते. त्यांतील पुष्कळ मुले गेलेल्या पालकाशी मनात बोलत, त्याची एखादी वस्तू जवळ बाळगत, तो कोठून तरी आपल्याला पाहतो आहे असे मानीत. याच अभ्यासातून पुढे आलेली आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. या मुलांच्या अडचणी पहिल्या काही महिन्यांपेक्षा दोन वर्षांनंतर अधिक स्पष्ट दिसल्या. म्हणजे घरातील मंडळी ‘पोर सावरले’ म्हणून निर्धास्त होतात, त्या सुमारास पोराचे खरे कठीण दिवस आलेले असू शकतात.

किशोरवयाची अडचण आणखी वेगळी. चार वर्षांच्या मुलाला ‘बाबा देवाघरी गेले’ हे सांगता येते. चाळीस वर्षांचा माणूस कागदपत्रे, कर्ज, जबाबदाऱ्या यांत गुंततो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मृत्यू म्हणजे काय हे मोठ्यांइतकेच कळते, पण घरातले त्याचे स्थान लहानाचेच राहते. आपण रडलो तर आई कोलमडेल म्हणून ते आईसमोर रडत नाही. आपण वेगळे दिसू म्हणून वर्गात बोलत नाही. मग बोलावे कोठे? निदान ऐकत बसावे असे ठिकाण तरी कोठे आहे?

आपल्या पिढीने या प्रश्नाचे फार मोठे रूप पाहिले आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की, मार्च २०२० ते एप्रिल २०२१ या १४ महिन्यांत जगभरातील १५ लाखांहून अधिक मुलांनी आई, वडील किंवा सांभाळ करणारे घरातील वडीलधारे माणूस गमावले. भारतातील दुसऱ्या लाटेचा कहर तर मुख्यतः त्यानंतरचा. शिवाय याच काळात शाळा बंद होत्या आणि ऑनलाइन वर्गांसाठी म्हणून अनेक घरांत मुलांच्या हाती पहिल्यांदा स्वतंत्र मोबाइल आला होता. घरातले माणूस जाणे आणि हाती मोबाइल येणे या दोन घटना कित्येक मुलांच्या आयुष्यात एकाच वर्षी घडल्या. हा योगायोग ध्यानात घेतल्याशिवाय या मुलांचे वागणे आपल्याला उमगणार नाही.

३. एका मुलीची हकीकत

माझ्या पाहण्यातील एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मुद्दाम वगळले आहेत.

मुलगी निपाणीजवळच्या एका खेड्यातील. वडील स्वतःच्या टेम्पोने भाजीपाला वाहून नेत. आंबोलीचा घाट उतरून गोव्यापर्यंत त्यांची फेरी असे. मे २०२१मध्ये ते करोनाने गेले. देह घरी आणता आला नाही. अंत्यविधीला मोजकीच माणसे होती आणि अग्नी पुतण्याने दिला. मुलीला त्या दिवसांत मावशीकडे ठेवले होते. ती परत आली तेव्हा घरातील सारे विधी उरकलेले होते. भिंतीवर हार घातलेला फोटो मात्र लागला होता.

२०२२च्या दिवाळीनंतर तिच्या आईने तिला माझ्याकडे आणले. मुलगी तेव्हा पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षाला होती. तक्रार अशी की, ती रोज रात्री महामार्गावर ट्रक चालवणाऱ्या एका चालकाच्या चित्रफिती पाहते. हा चालक इंटरनेटवर बराच प्रसिद्ध होता. केबिनमध्ये बसून तो रस्त्याची, ढाब्याची, गाडीच्या दुरुस्तीची हकीकत सांगे. त्याची भाषा हिंदी, मुलीच्या घरची मराठी आणि शाळेची कन्नड. एकदा आठ दिवस त्याची चित्रफीत आली नाही, तेव्हा मुलीने जेवण टाकले. चुलत्यांनी चिडून मोबाइल काढून घेतला, तर तिने बोलणेच सोडले. ‘बाप गेला तेव्हा रडली नाही, आणि ह्या ट्रकवाल्यासाठी उपास करती,’ हे चुलत्यांचे वाक्य आईने मला जसेच्या तसे सांगितले.

मी मुलीला विचारले, “त्याच्यात तुला एवढे काय आवडते?” ती पुष्कळ वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “सर, घरात सगळी इचारत्यात. जेवलीस काय, अभ्यास केलीस काय, रडाय का येईना तुला. ह्यो काय बी इचारत नाही. नुसता बोलत असतोय.”

“त्याला तू ठाऊक आहेस का?”

“न्हाई की. ते मला ठाऊक हाय.”

हे उत्तर महत्त्वाचे आहे. मोठ्यांना वाटत होते की पोरगी भ्रमात आहे. ती भ्रमात मुळीच नव्हती. नाते एकतर्फी आहे हे तिला पक्के माहीत होते आणि ते एकतर्फी होते म्हणूनच तिला सोसवत होते. तेथे कोणाला उत्तर द्यावयाचे नव्हते आणि आपल्या रडण्याने कोणी कोलमडेल ही धास्ती नव्हती.

मी पुढे विचारले, “कोणत्या वेळी पाहतेस?” ती म्हणाली, “नऊला.” आईने चटकन मान वर केली. रात्री नऊच्या सुमारास वडिलांचा टेम्पो दारात येत असे. चाके अंगणात वळली की मुलगी पाणी घेऊन बाहेर जाई आणि वडील जेवताना दिवसभरच्या रस्त्याची हकीकत सांगत. ही गोष्ट दीड वर्ष घरातल्या कोणाच्या लक्षात आली नव्हती, आणि मुलीनेही ती शब्दांत मांडली नव्हती. रात्री नऊला घरात एक मोकळी जागा पडली होती आणि तिने ती सापडेल त्या आवाजाने भरली होती. त्या चालकाच्या जागी दुसरा कोणी असता तरी कदाचित चालले असते. वेळ मात्र तीच हवी होती.

मी काही मोठा उपाय सांगितला नाही. मोबाइल परत द्यावा आणि नऊ वाजता आईने हातातील काम टाकून तिच्याजवळ बसावे, एवढेच सुचवले. पुढे आईने सांगितले ते असे : चौथ्या की पाचव्या रात्री पडद्यावर घाटाचा रस्ता आला. आईच्या तोंडून सहज गेले, “तुझे बाबा घाट चढायच्या आधी गाडी थांबवून चहा घ्यायचे.” मुलीने विचारले, “कुठं?” मग त्या दोघी बोलत राहिल्या. चित्रफीत संपून गेलेली त्यांना कळलीही नाही. त्या रात्री मुलगी पहिल्यांदा रडली.

पुढे तिने आणखी एक गोष्ट आपण होऊन केली. वडिलांची भाड्याची वही तशीच पडून होती. ती तिने नीट लावली आणि कोणाकडे किती बाकी आहे ते चुलत्यांना वाचून दाखवले. तिचा शोक संपला असे मी म्हणणार नाही. तो असा संपत नसतो. चित्रफितीही ती पाहतेच. पण आता एखादी चित्रफीत चुकली तर तिचे जेवण अडत नाही.

४. चालीरीतींतील शहाणपण

या हकीकतीतील भाड्याच्या वहीला मी विशेष महत्त्व देतो. आपल्या समाजातील मृत्यूनंतरच्या चालीरीतींकडे मानसशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्या दुःखी माणसाला रिकामे बसू देत नाहीत. रक्षाविसर्जन, दहाव्याला कावळ्याची वाट पाहणे, बाराव्या-तेराव्याचे जेवण, मुसलमान घरांतील चाळिसावा, या सर्वांत गेलेल्या माणसासाठी काहीतरी करावयाचे असते. त्याला आवडणारा पदार्थ करावयाचा, त्याच्या नावाने कोणाला तरी जेवू घालावयाचे. दुसऱ्या बाजूने शेजारी कडू घास घेऊन येतात, जवळ बसतात, जुन्या आठवणी काढतात. म्हणजे देणे आणि घेणे दोन्ही चालू राहते. गेलेल्या माणसाशी असलेला व्यवहार एकदम बंद पडत नाही, हळूहळू त्याचे रूप बदलते. १९९६च्या ग्रंथात जे सांगितले, त्याचा थोडा अनुभव आपल्या घरांना आधीपासून होता असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु या रीतींत दोन उणिवा राहिल्या. एक म्हणजे किशोरवयीन मुलांना, त्यातही मुलींना, त्यांत काम नाही. मुलगा असेल तर त्याला विधीला बसवतात, पण तो काय करतो आहे हे त्याला कोणी समजावून सांगत नाही. मुलगी असेल तर तिला बहुधा बाजूस सारतात. दुसरी उणीव करोनाच्या काळाने आणली. त्या दिवसांत शेजारी येऊ शकले नाहीत, देह पाहता आला नाही, विधी आटोपते घ्यावे लागले. ज्या मुलांच्या वाट्याला त्या वेळी काहीच आले नाही, ती आज आपल्या महाविद्यालयाच्या बाकांवर बसली आहेत.

एकतर्फी आपुलकीची खरी मर्यादाही येथेच कळते. दूरचा आवाज सोबत देतो. परंतु आपल्याकडून काही घेऊ शकत नाही. त्याला पाण्याचा तांब्या नेऊन देता येत नाही. आणि दुःखी मनाला मिळण्याइतकीच देण्याचीही गरज असते. म्हणून या आवाजाला मी विसावा मानतो. विसाव्यावर कायमचे घर बांधता येत नाही, पण तेवढ्यासाठी कोणी विसाव्याचा दगड उखडून टाकत नाही.

५. तो आवाजही थांबतो तेव्हा

कधी कधी तो दूरचा माणूसच मरण पावतो. आपल्या भागाने असे प्रसंग अलीकडेच पाहिले आहेत. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड नट पुनीत राजकुमार वयाच्या ४६व्या वर्षी अचानक गेले. ते चित्रपटसृष्टीचे, तरी मुलांच्या हातातील मोबाइलवर ते इंटरनेटवरील कोणाही प्रसिद्ध माणसाइतकेच रोजचे झाले होते. बेळगावात त्या आठवड्यात चौकाचौकांत त्यांचे फलक लागले. त्या फलकांसमोर मराठी घरांतील मुलेही उभी होती. भाषेवरून एरवी हमरीतुमरीवर येणाऱ्या आपल्या गावात दुःखाने कोणाची मातृभाषा विचारली नाही, ही गोष्ट या द्विभाषिक अंकात नोंदवून ठेवावीशी वाटते.

दुसरा प्रसंग ऑगस्ट २०२५मधील. बेळगावहून चंदगडमार्गे तिलारीचा घाट उतरला की दोडामार्ग लागतो. त्या तालुक्यातील शिरीष गवस आणि त्यांच्या पत्नी पूजा ‘रेड सॉइल स्टोरीज’ या नावाने कोकणातील स्वयंपाक, शेती आणि पाऊसपाणी यांच्या चित्रफिती करीत. शिरीष ऐन तरुणपणी आजाराने गेले. ज्या मुलांनी त्यांना कधी पाहिले नव्हते, त्यांच्याही घशाखाली त्या दिवशी घास उतरला नसेल. गावाकडची आजी गेलेल्या, शहरात राहणाऱ्या एखाद्या मुलाला त्या चुलीच्या धुरात आजीच भेटत असली, तर त्यात नवल ते काय? अशा मुलाच्या वाट्याला तेव्हा दुसरा मृत्यू येतो, आणि त्या निमित्ताने पहिल्या मृत्यूचे राहिलेले रडू बाहेर पडते. बाहेरच्यांना दिसते ते फक्त दुसरे. ‘कोण कुठला माणूस’ म्हणून आपण मुलाला हसतो, तेव्हा नकळत त्याच्या आजीच्या मृत्यूलाही हसत असतो.

अशा सामुदायिक दुःखाच्या दोन वाटा पुनीत यांच्या वेळी दिसल्या. एक वाट भयंकर होती. काही चाहत्यांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. त्यांत आपला जिल्हाही सुटला नाही. अशा बातम्यांचे अनुकरण होते हे शास्त्राने दाखवून दिले आहे, म्हणून त्यांचे वर्णन मी येथे करीत नाही. दुसरी वाट नेत्रदानाची. पुनीत यांचे वडील डॉ. राजकुमार यांचे २००६मध्ये निधन झाले तेव्हा त्यांचे डोळे दान करण्यात आले होते. मुलाचेही डोळे दान झाले आणि बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयातील डॉक्टरांनी त्यांच्या दोन डोळ्यांतून चार जणांना दृष्टी दिली. त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे संकल्प करण्यासाठी लोकांची रीघ लागली. एकतर्फी आपुलकीत देता येत नाही, असे मी वर म्हटले. या चाहत्यांनी देण्यासाठी दुसरे माणूस शोधले आणि आपल्या दुःखाला काम दिले.

६. आधार कोठे संपतो?

सगळीच आसक्ती निरुपद्रवी असते असे मात्र समजू नये. लिन मॅकचन, जॉन माल्टबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२च्या सुमारास प्रसिद्ध व्यक्तींविषयीची ओढ मोजण्याची एक श्रेणी तयार केली. तिचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात माणूस त्या व्यक्तीविषयी मित्रांशी गप्पा मारतो, त्यात त्याची करमणूक होते. दुसऱ्यात ती व्यक्ती एकट्याच्या मनात सतत वावरू लागते. तिसऱ्यात तिच्यासाठी वाटेल ते करण्याची, वेळप्रसंगी गैर वागण्याचीही तयारी होते. बहुतेक मुले पहिल्या टप्प्यावर असतात. शोक झालेले मूल काही काळ दुसऱ्या टप्प्यावर जाते, आणि तेवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

काळजी कधी करावी? झोप आणि जेवण दीर्घकाळ बिघडले, मित्रांशी बोलणे पूर्ण थांबले, अभ्यास साफ सुटला, त्या व्यक्तीच्या नावाने कोणी पैसे मागू लागले, किंवा ‘मलाही जायचे आहे’ अशी भाषा मुलाच्या तोंडी आली, तर विलंब करू नये. प्रसिद्ध माणसांच्या नावाने खोटी खाती उघडून भोळ्या चाहत्यांना लुबाडणारे पुष्कळ आहेत आणि दुःखी मूल त्यांना लवकर सापडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची ११वी आवृत्ती जानेवारी २०२२पासून लागू झाली. तीत ‘प्रदीर्घ शोकविकार’ हा स्वतंत्र आजार मानला आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र शोकाने रोजचे जगणे अडले, तर तज्ज्ञाकडे जावे. धारवाडला मानसिक आरोग्याची ‘डिमहान्स’ ही सरकारी संस्था आहे. १० ऑक्टोबर २०२२पासून ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची सेवाही सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे फोन करण्यास पैसे पडत नाहीत. हा क्रमांक प्रत्येकाने वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवावा अशी माझी विनंती आहे.

७. आपण काय करावे?

पालकांना आणि सहकारी प्राध्यापकांना माझे सांगणे असे. मोबाइल एकदम हिसकावून घेऊ नये. ज्या मुलाने नुकतेच एक माणूस गमावले आहे, त्याच्या हातून दुसरा आधार ओढून घेतला तर ते आणखी एक मरण होते. आधी विचारावे : काय पाहतोस, कोणत्या वेळी पाहतोस, आणि मलाही दाखवतोस का? पुष्कळदा उत्तर त्या व्यक्तीत नसून वेळेत, भाषेत, एखाद्या पदार्थात किंवा रस्त्यात सापडते. गेलेल्या माणसाचे नाव घरात मोकळेपणाने घ्यावे. फोटोला हार घालून त्याच्याविषयी बोलणे बंद करण्याची जी पद्धत पडत चालली आहे, ती मुलांना फार एकटे पाडते. आणि मुलाला त्या माणसासाठी काहीतरी काम द्यावे. वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकातील एक पदार्थ, लावलेले एखादे झाड, सांभाळावयाची एखादी वही, काहीही चालेल. काम मात्र खरे असावे, देखाव्याचे नसावे.

विद्यार्थी मित्रांनाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. ज्या व्यक्तीवर तुमचा जीव जडला आहे, तिचा तो व्यवसाय आहे. चित्रफीत जितके लोक पाहतील तितकी तिची मिळकत वाढते. हे सांगण्यात त्या व्यक्तीचा अपमान नाही. शिक्षकही पगार घेऊनच शिकवतो. मात्र तिने दाखवलेले घर हे तिचे सगळे घर नव्हे, एवढे भान ठेवावे. आणि वर्गातील एखादा मित्र अशा कोणा दूरच्या माणसाविषयी फार बोलू लागला, तर त्याची टिंगल करण्यापूर्वी त्याच्या घरी कोण कोण असते हे एकदा विचारून पाहावे. कन्नड विभागाच्या वाचकांनाही माझी हीच विनंती आहे.

मृत्यू घरात येतो तेव्हा मोठी माणसे एकमेकांकडे पाहतात आणि लहानांकडे शेजारचे पाहतात. मधल्या वयाच्या मुलाकडे पाहावयास बहुधा कोणी उरत नाही. ते पडद्याकडे पाहू लागले, तर त्याच्यात माया नाही असा त्याचा अर्थ होत नाही. त्याची माया अजून शाबूत आहे, आणि तिला घेणारे माणूस ते शोधते आहे. ते माणूस घरात, वर्गात किंवा शेजारी मिळावे, एवढी व्यवस्था करणे आपल्या हातात आहे. त्यासाठी शास्त्राचे फार मोठे ज्ञान लागत नाही. रोज एका ठरलेल्या वेळी हातातील काम बाजूस ठेवावे लागते.